हलत्या दगडावरची खूण

बेलारच्या वाटेवर दानित्सा रूतारच्या मागून चालायचं म्हणजे माणसाची सत्त्वपरीक्षा. बाई चार पावलं टाकणार, थांबणार, समोरच्या दगडाला बुटाची टाच लावणार आणि असा रेटा देणार की त्यानं तिचं काही घोडं मारलंय. दगड जागचा हलला नाही, तर पिशवीतून ब्रश निघणार, पांढरा ठिपका, भोवती लाल कडं, वाटसरूंसाठी खूण तयार. हलला, तर त्या दगडाच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग दुसरा दगड, पुन्हा टाच.

सदुसष्ट वर्षांची बाई. चाळीस वर्षं तोल्मिनच्या कारखान्यात रेनकोट शिवले. आठवडाभर शिलाई मशीन आणि शनिवार उजाडला की डोंगर. त्यातली एकतीस वर्षं तिनं आमच्या गावापासून बेलारच्या माथ्यापर्यंतची वाट सांभाळली. गिर्यारोहण मंडळ यासाठी एक छदाम देत नाही. रंग देतं, ब्रश देतं आणि वर्षाअखेरीला एक जेवण देतं. त्या जेवणालाही दानित्सा नावं ठेवते, आणि सगळ्यात जास्त तीच जेवते.

बेलार सगळा चुनखडीचा. लांबून बघाल तर पांढरा, गुळगुळीत, देखणा. जवळ जा आणि हात लावा, बोटं सोलून निघतात. पावसानं त्याला अशा धारदार पन्हळी पाडल्यात की नवख्याला वाटावं, धरायला जागाच जागा आहे. पण याच डोंगराची दुसरी खोड म्हणजे तो मोडतो. हिवाळ्यात फटींतलं पाणी गोठतं, वसंतात बर्फ सुटतं आणि काल जो दगड पक्का होता तो आज घसाऱ्यात लोळत असतो. म्हणून दानित्सानं मंडळात नियम करून घेतला होता. खूण काढायची ती डोंगराच्या अंगच्या कातळावर. सुट्या दगडावर ज्यानं रंग लावला, त्यानं वर्षभर ब्रशला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या मागून रंगाचा डबा वाहायचा.

हा नियम आजवर एकालाच लागला होता. विन्को शावलीला. विन्को आमचा पोस्टमन, चोपन्न वर्षांचा, ढेरी सुटलेला, स्वभावानं लोणी. तो खुणा काढायला शिकत होता तेव्हा दुसऱ्याच वर्षी त्यानं वाटसरूंच्या मुक्कामाच्या डोंगरघराखालच्या एका दगडावर छान गोल काढला आणि दानित्सानं टाच लावली तसा तो दगड गोलासकट खाली गडगडत गेला. वर्षभर अख्ख्या गावानं विन्कोला डबा वाहताना पाहिलं. लोक पत्र घेताना विचारायचे, "काय रे, हे तरी पक्कं आहे ना?" तो हसायचा. पुढे तो चांगला तयार झाला. बारा वर्षं दानित्साबरोबर हिंडला, आणि चार वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यानं कुरकुर केली तेव्हा वाटेचा वरचा तुकडा, डोंगरघर ते माथा, मंडळानं विन्कोच्या ताब्यात दिला. बायको नाही, पोर नाही. तो तुकडा हाच त्याचा संसार.

आणि त्याच तुकड्यात या जुलैमध्ये ते घडलं.

मारिबोरहून नवरा-बायको आले होते. माथ्याच्या खाली धुकं उतरलं. वाट तिथे डावीकडे सोंडेवर चढते. त्यांना उजवीकडे लाल कडं दिसलं, ते तिकडे गेले. ती खूण एका दगडावर होती, आणि दगड वसंतातल्या बर्फाबरोबर चाळीसेक मीटर घसरून भलत्याच घळीच्या तोंडाशी येऊन बसला होता. बायको, नुशा तिचं नाव, त्या दगडाला धरून खाली वाकली आणि दगडच निसटला. दोघंही खाली गेले, ती आणि दगड. दैव बलवत्तर म्हणून ती पंधरा मीटरवर अडकली. पाय दोन ठिकाणी मोडला. हेलिकॉप्टर आलं, तिला उचलून नेलं. नवऱ्यानं बचाव पथकाला एवढंच सांगितलं, "तिथे खूण होती. आम्ही खुणेच्या मागे गेलो."

हे वाक्य गावात पोचलं तेव्हा दानित्सा अंगणात बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून ती तशीच अग्निशमन घराच्या माडीवर गेली. मंडळ तिथे बसतं. अध्यक्ष सिल्वो फोनमध्ये बचाव पथकानं पाठवलेला फोटो दाखवत होता. दगड घळीतल्या एका कपारीत अडकला होता, रंग बाहेरच्या बाजूला, खालच्या वाटेवरूनही दिसेल असा.

"बघा, दानित्साबाई," सिल्वो म्हणाला.

"काय बघू? चष्मा घरी राहिलाय, त्या फोनवर मला डोंगरही भाकरीएवढा दिसतो. लाल आहे, गोल आहे. कुणाचा तुकडा आहे तो?"

विन्को दाराशी उभा होता, पोस्टाच्या गणवेशात, टोपी हातात. त्यानं फोन घेतला, बराच वेळ पाहिला, परत दिला.

"माझा," तो म्हणाला.

"मग सांगायला एवढा वेळ कशाला हवा?" दानित्सा कडाडली. "बारा वर्षं! बारा वर्षं घसा कोरडा केला मी! त्या पोरीचा पाय मोडला, विन्को! मान मोडली असती तर?"

सिल्वोनं घसा खाकरून सांगितलं की शुक्रवारी बैठक आहे, वरचा तुकडा विन्कोकडून काढून घ्यावा लागेल आणि खुणा काढणाऱ्यांच्या यादीतून नावही. डबा वाहण्यावर हे भागणार नाही. माणूस मरता मरता वाचलंय. पण त्याआधी ती खूण पुसायला हवी, नाहीतर आणखी कुणीतरी तिकडे जाईल.

"मी पुसते," दानित्सा म्हणाली.

"घळीत? दोर लावून चढावं लागेल, दानित्साबाई. तुमचं वय..."

"माझं वय मला माहीत आहे. त्या घळीतल्या मेखा मी ठोकल्यात. तेव्हा तू दुपट्यात होतास."

खरंच होतं ते. चोविसाव्या वर्षी कारखान्यातल्याच दोन मैत्रिणींना घेऊन ती याच घळीतून बेलारच्या पश्चिम कड्यावर चढली होती. तोवर त्या वाटेनं बायका कधी गेल्या नव्हत्या. गावात चर्चा झाली, तोल्मिनहून कुणी मुलाखत घ्यायला आलं. दानित्सानं सांगितलं, चढताना विशेष काही वाटलं नाही, गाईची धार काढायची वेळ होत आली होती म्हणून घाई केली. ती अशी बाई.

"मी येतो दोर धरायला," विन्को दारातून म्हणाला.

बुधवारी उजाडता उजाडता दोघं निघाले. खाली गावात विन्को तिला अहो-जाहो करतो. पण आमच्याकडे हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मंत्री असो की मेंढपाळ, रीतच तशी आहे. गवताचा शेवटचा पट्टा संपला आणि विन्कोनं तोंड उघडलं.

"दानित्सा, जरा दम खा. गुडघा बघ तुझा."

"माझा गुडघा ठीक आहे. तू तुझी ढेरी सांभाळ. मी पडले तर दोरावर तिचंच वजन कामाला येणारंय."

एरवी तो यावर हसला असता. आज हसला नाही. दानित्सालाही आतून टोचत होतं. चारचौघांत ती त्याला नाही नाही ते बोलली होती. पण राग खराच होता. मोडलेला पाय काही खोटा नव्हता.

घळीच्या पायथ्याशी तिनं कमरेला दोर बांधला, खांद्याला करड्या रंगाचा डबा अडकवला. चुकीची खूण खरवडून निघत नाही. तिच्यावर दगडाच्या रंगाचाच करडा हात मारायचा असतो, म्हणजे ती नाहीशी होते. विन्कोनं दोर हातात घेतला आणि ती चढू लागली.

तिला चढताना बघावं! घाई नाही, झटापट नाही. बोटं कातळावरून फिरवायची, एखादी पन्हळ जोखायची, मग पाय. उडी नाही, हिसका नाही. तरुण पोरं हातांनी चढतात आणि दहा मिनिटांत हात भरून येऊन लटकत बसतात. ही पायांवर चढते, शिलाई मशीनचा पायटा मारावा तितक्या सवयीनं. पहिली जुनी मेख गंजली होती. तिनं ती हातोडीनं वाजवून पाहिली, नाक मुरडलं आणि शेजारी नवी ठोकली. अर्ध्या वाटेवर गुडघ्यातून कळ आली तशी तिनं कातळाला कपाळ टेकलं, मोठ्यानं एक शिवी दिली, आणि पुढे निघाली.

"काय गं? काय झालं?" खालून विन्को.

"काही नाही! डोंगराशी बोलतेय!"

कपार आली. दगड तिथे आडवा पडला होता, शिलाई मशीनच्या टेबलाएवढा. तिनं आधी त्याला टाच लावली. हा मात्र आता दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसला होता. मग तिनं बाजूला मेख ठोकून स्वतःला बांधून घेतलं, डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला. आणि खूण नीट झाकायची म्हणून चष्मा नाकावर चढवला.

लाल कड्याच्या खालच्या डाव्या अंगाला एक बारीकशी शेपटी होती.

दानित्साचा हात हवेतच राहिला.

गोल काढायला मंडळात सगळे प्लास्टिकचा साचा वापरतात. दानित्साकडे मात्र पत्र्याचा आहे. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून तिच्या नवऱ्यानं, येर्नेयनं, कापून दिलेला. तो एकदा कातळावर पडून त्याची कड फाटली. येर्नेयनं पकडीनं सरळ केली, पण तिथून रंग थोडा ओघळायचाच. "नवा कापून देतो," तो म्हणाला होता. ते राहून गेलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात येर्नेय गेला. त्याला सहा वर्षं झाली.

आणि तिला तो दिवस आठवला. येर्नेयला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. घरात माणसं, केक, सांत्वनं. तिला काही सोसेना. ती कुणाला न सांगता वर आली आणि डोंगरघरापासून माथ्यापर्यंत एका दमात रंगवत सुटली. त्रेचाळीस खुणा. रडत होती आणि रंगवत होती. साचा टेकायचा, ब्रश फिरवायचा, पुढे चालायचं. त्या दिवशी तिनं एकाही दगडाला टाच लावली नव्हती. एकाही.

"सापडली का?" खालून आवाज आला. "पुसून टाक आणि ये खाली! ढग येतायत!"

ब्रशवरून करडा रंग तिच्या बुटावर ठिबकत होता. एक हात मारला की संपलं. विन्कोनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. एकतीस वर्षांचं नाव जिथल्या तिथे राहील. तिला स्वतःचीच किळस आली, कारण हा विचार आला आणि लगेच गेला नाही. चांगला दोन-तीन श्वास तो तिथेच होता.

आणि बाकीच्या बेचाळीस?

तिनं ब्रश परत डब्यात ठेवला.

"विन्को! वर ये!"

"मी? कशाला?"

"ये म्हणते ना! दोर ओढतेय मी!"

विन्को वर आला, म्हणजे जवळजवळ ओढूनच घेतला तिनं त्याला. धापा टाकत, गुडघे सोलून घेत, मधे दोनदा देवाचं नाव घेत. कपारीवर पालथा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. दानित्सानं बोटानं कड्याची शेपटी दाखवली. म्हटलं, "बघ."

त्यानं पाहिलं. दचकला नाही, काही नाही. मान फिरवून खालच्या दरीकडे बघत राहिला.

दानित्साच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "तुला माहीत होतं!"

"फोटोत दिसली. बारा वर्षं तुझ्या मागून हिंडलोय, दानित्सा. तुझा गोल मला कळणार नाही?"

"मग तोंडात काय मूग धरले होते? भरल्या माडीवर मी तुला सोलत होते, आणि तू... गाढवा! अरे गाढवा!"

"मला सवय आहे," विन्को म्हणाला. "एकदा डबा वाहिलाय मी. लोक हसले, संपलं. तुला कोण हसणार? तुला कुणी हसलं असतं तर मला बघवलं नसतं."

"मला कुणी हसायला नको म्हणून तू वाट सोडणार होतास? ही वाट?"

विन्कोनं सोललेल्या गुडघ्यावरची माती झटकली.

"आणि तसा दोष माझाही आहेच," तो म्हणाला. "चार वर्षं मी त्या दगडाजवळून जातोय. रंग चांगला होता म्हणून नवा दिला नाही, आणि टाचही लावली नाही. बाकी सगळ्या दगडांना लावली. तुझ्या नाही. तुझी खूण कोण तपासणार?"

दानित्सा मट्‌कन खाली बसली. इतकी वर्षं तिनं या पोस्टमनवर आरडाओरडा केला होता, आणि तो तिच्यावर देवासारखा विश्वास ठेवून बसला होता. त्या विश्वासापायी एका पोरीचा पाय मोडला होता. तिला हसू येईना की रडू येईना. मग रडूच आलं. विन्को बाजूला बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून पोस्टाच्या शिक्क्याची शाई लागलेला रुमाल काढून दिला. तिनं नाक शिंकरलं, ब्रश उचलला, आणि आता मात्र ती खूण अशी पुसली की शेपटीसुद्धा उरली नाही.

शुक्रवारी माडीवर खुर्च्या पुरल्या नाहीत. सिल्वोनं कागद वाचायला सुरुवात केली, विन्कोचं नाव घेतलं, तेवढ्यात दानित्सानं पत्र्याचा साचा टेबलावर आपटला.

"ती खूण माझी आहे. सहा वर्षांपूर्वीची. न तपासता काढली. आणि ती एकच नाही, त्या दिवशी त्रेचाळीस काढल्या, सगळ्या तशाच. वाट उद्यापासून बंद करा."

सिल्वोनं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली.

"दानित्साबाई," तो हळूच म्हणाला, "तुमचं या खोऱ्यात नाव आहे. वाट बंद करू, तपासू, सगळं करू. पण कुणाची खूण ते कागदावर घ्यायलाच हवं असं नाही. विन्को तर..."

"विन्कोचं नाव पुन्हा घेतलंस तर हा साचा तुझ्या डोक्यावर बसवीन! नियम कुणी केला होता?"

"तुम्ही."

"मग वाच."

सिल्वोनं वाचला. पाठीमागे कुणीतरी नाक ओढत होतं. ज्यानं सुट्या दगडावर रंग लावला, त्यानं वर्षभर डबा वाहायचा. हात वर झाले. सगळ्यात शेवटी विन्कोचा, तोही दानित्सानं डोळे वटारले तेव्हा.

शनिवारी ती बस धरून मारिबोरच्या रुग्णालयात गेली. सोबत प्लमचा केक. तिनं नुशाला सगळं सांगितलं, साच्यासकट, येर्नेयसकट. नुशानं ऐकून घेतलं. पाय वर टांगलेला होता.

"झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही," नुशा म्हणाली.

"म्हणू नकोस."

"बाकीच्या तपासल्या का?"

"सोमवारपासून."

"मग इथे काय करताय? आजच जा," नुशा म्हणाली. केक मात्र तिनं ठेवून घेतला.

सोमवारची वाट कुणी बघितली नाही. रविवारी सकाळीच ते निघाले. पुढे विन्को, ब्रश त्याच्या हातात. मागे दानित्सा, एका हातात लाल डबा, दुसऱ्या हातात पांढरा, पाठीवर करडा. गावातली माणसं खिडक्यांतून बघत होती. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या लोहारानं तर टोपी काढली, त्यावर दानित्सा ओरडली, "अजून मेले नाही मी!"

चार दिवस लागले. विन्को प्रत्येक दगडाला टाच लावी, रेटा देई, मग दानित्साकडे बघे, आणि ती म्हणे, "माझ्याकडे काय बघतोस, दगडाकडे बघ." बेचाळीसातले पाच हलले. त्यातला एक तर कड्याच्या अगदी काठावर होता. विन्कोनं पाय लावला मात्र, तो खाली गेला, आणि कितीतरी वेळ त्याचा आवाज दरीतून येत राहिला. दोघंही उभ्या जागी पांढरे पडले. दानित्सानं डबे खाली ठेवले आणि छातीवर क्रूसाची खूण केली. तशी ती देवाधर्माची नाही.

शेवटची खूण माथ्याच्या हाकेवर होती. जुन्या खुणेचा दगड कलला होता, म्हणून ती पुसली. शेजारी अंगचा कातळ होता, विन्कोनं रेटून पाहिला, पक्का. त्यानं हात पुढे केला.

"साचा दे."

तिनं पत्र्याचा साचा दिला. त्यानं तो उलटसुलट केला, फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कानशीनं ही कड घासून देतो. पाच मिनिटांचं काम. शेपटी यायची नाही."

"हात लावू नकोस," दानित्सा म्हणाली. "येऊ दे शेपटी. कुठेही दिसली, की ही दानित्साची खूण आहे हे ओळखायचं आणि सगळ्यात आधी तिलाच लाथ घालायची. शिकायला येतील त्यांनाही हेच सांगायचं. कळलं?"

विन्कोनं मान हलवली. साचा टेकला, पांढरा ठिपका दिला, भोवती लाल कडं फिरवलं. खाली डावीकडे बारीकशी शेपटी ओघळली. रंग वाळेपर्यंत दोघं पाठीला पाठ लावून बसले, एका पावाचे दोन तुकडे करून खाल्ले.

मग विन्को उठला, अवघडून एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्या कातळाला टाच लावून अंगात होता नव्हता तेवढा रेटा दिला.

"अजून एकदा," दानित्सा डबे उचलत म्हणाली.